ओझेवालीला वाट

माझ्या आयुष्यात 'वॉक' हा शब्द फार उशिरा आला. तोवर मी नुसती चालत होते.

माझं माहेर पेणच्या खारेपाटात. आई मिठागरावर कामाला जायची. डोक्यावर मिठाची पाटी, पायाखाली हातभर रुंद बांध, एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला मिठाची आगरं. समोरून कुणी आलं तर बाजूला कुणी व्हायचं, हे तिथं ठरलेलं होतं. ज्याच्या डोक्यावर ओझं, त्याला वाट. रिकाम्या हातांनी येणाऱ्याने चिखलात उतरायचं. सरपंच असला तरी त्याने धोतर वर धरून उतरायचं, आणि वर आईलाच म्हणायचं, "जा गो, तू जा आधी." आई मान न वळवता निघून जायची. पाटीखालची मान वळत नाही, हे एक कारण. दुसरं कारण, तिला वळवायचीच नसायची.

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा पुढच्या गावात, आणि पोरीने रोज एवढं चालू नये असं वडिलांचं मत पडलं. म्हणून मी शाळा सोडली आणि पाण्यासाठी त्याहून लांब चालू लागले. त्या चालण्यावर मात्र कुणाचं काही मत पडलं नाही.

लग्न होऊन रोह्याकडच्या एका गावात आले. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच शेतात भाजीपाला. माठ, मुळा, दुधी, काकडी, पडवळ. पहाटे तोडायची, पाटी भरायची, डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि नदीकाठच्या पायवाटेने रोहा गाठायचं. तिथे माझी घरं ठरलेली होती. बऱ्याच घरांतली माणसं कंपनीत पहिल्या शिफ्टला जाणारी. त्यांचे डबे भरायच्या आधी भाजी दारात हवी.

वॉक मला पहिल्यांदा भेटला तो यातल्याच एका बंगल्यात. बंगल्यातल्या वहिनींना कंपनीचा डबा नव्हता, त्यामुळे घाईही नव्हती. एके दिवशी त्या पांढरे बूट घालून बाहेर पडताना म्हणाल्या, "थांब गं जरा, मी वॉकला जाऊन येते." मी पायरीवर पाटी घेऊन बसले. त्या परत आल्या तेव्हा घामाने भिजलेल्या होत्या. खुर्चीत बसून बाटलीभर पाणी पिऊन त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

"तुझं बरं आहे गं. तुझा आपोआप वॉक होतो. आणि फुकट."

मी हसले. मला उत्तरं घरी गेल्यावर सुचतात, तीही चुलीपाशी.

घरी मुलीला विचारलं. ती पोलीस भरतीसाठी पळायचा सराव करते, तिला असे शब्द येतात. ती म्हणाली, "वॉक म्हणजे चालणं, आई."

"मग चालणं म्हणजे काय?"

तिने बुटाची नाडी सोडली. "चालणं म्हणजे कुठंतरी जायचं असतं. वॉक म्हणजे निघालो तिथंच परत यायचं."

पोरगी हुशार आहे. पुढे तीही एका कंपनीत वॉक-इनला जाऊन आली. वॉक-इन म्हणजे कुणीही सरळ चालत आत जायचं आणि नोकरी मागायची. ती सरळ आत गेली आणि तितकीच सरळ बाहेर आली. रस्त्यावर नव्या इमारतींचे बोर्ड लागले, 'स्टेशन वॉकिंग डिस्टन्सवर'. त्या इमारतींखाली गाड्या लावायला एवढी मोठी जागा ठेवलेली की वॉक तिथेच पुरा व्हावा. सासूचे गुडघे धरले तेव्हा डॉक्टरही म्हणाले, "आजी, वॉकिंग करा." सासूला मी आत्या म्हणते. आत्याने त्यांना विचारलं, "इतकी वर्सं मंग मी काय करीत व्हते?" डॉक्टर हसले आणि गोळ्या लिहून दिल्या.

इथपर्यंत माझं आणि या शब्दाचं भांडण नव्हतं. तो त्याच्या वाटेने, मी माझ्या.

मग एका हिवाळ्यात माझी वाट त्याला आवडली. नदीकाठच्या पायवाटेवर लाल फरशी आली, दिवे आले, बाकं आली, दोन्ही टोकांना गेट आलं. उद्‌घाटनाला मोठी माणसं आली. फीत कापून फोटोपुरती चालली आणि गाडीत बसून गेली. गेटवर बोर्ड लागला. मी तो उभं राहून नीट वाचला. 'फक्त वॉकिंगसाठी. गुरे, वाहने व डोक्यावरील ओझे यांस मनाई.' चौथीपर्यंतचं शिक्षण अगदीच वाया जात नाही. आपला नंबर गुरांनंतर कितवा, एवढं तरी कळतं.

गेटवरचा वॉचमन जवळच्याच गावचा.

"मावशी, इकडून नाय."

"रोजची वाट हाय माझी."

"व्हय, पन आता ट्रॅक झालाय. वॉकिंगवाल्यांनाच सोडायचं."

"मी चालतेच हाय ना."

"तसं नाय चालत मावशी. डोक्यावर पाटी हाय तुमच्या."

आता मला हमरस्त्याने वळसा पडू लागला. धूळ, ट्रक, हॉर्न, आणि रोह्यात पोचेपर्यंत डबे भरून गेलेले. एक घर म्हणालं, "टेम्पोवाल्याकडून घेतली आज." दुसऱ्या घराने सरळ दार लावलं. मुलीच्या भरतीच्या क्लासची फी या घरांवर चालली होती. अशीच एकेक करून घरं गेली असती तर तिचं पळणंही थांबलं असतं.

ट्रॅक करून घेण्यात बंगल्यातल्या वहिनीच पुढे होत्या. मुलगी म्हणाली, "त्यांना सांग ना, पाटीवाल्या बायकांना सोडा म्हणून." मी हमरस्त्याने जाताना सगळं भाषण पाठ केलं. त्यांनी दार उघडलं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मुळा देऊ?"

त्या संध्याकाळी मुलीने तिचे जुने बूट माझ्यासमोर ठेवले. जोडीला तिची सॅक. "डोक्यावरचं ओझं नको ना त्यांना? पाठीवर घे."

आत्या हसून हसून बेजार. "साडीवर बूट? आता टोपी पन घाल गो."

दुसऱ्या दिवशी साडी, बूट आणि पाठीवर गच्च भरलेली सॅक अशी मी गेटवर गेले. वॉचमनने बूट पाहिले. सॅक पाहिली. चेनमधून माठाची दोन पानं बाहेर आली होती, तीही पाहिली. मग त्याने नदीकडे बघत गेट उघडलं. "या मॅडम."

मावशीची मॅडम व्हायला एक जुनी सॅक पुरते, हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

वाटेत वहिनींचा ग्रुप भेटला. "अगंबाई! तूसुद्धा सुरू केलास वॉक? छान! पण एवढं घाईघाईने नाही गं चालायचं. वॉक एन्जॉय करायचा असतो."

या वेळी चूल लांब होती, तरी उत्तर सुचलं. "वहिनी, माठ कोमेजतो."

त्यांनी चेनमधून बाहेर आलेली पानं पाहिली. मग म्हणाल्या, "दोन जुड्या ठेव मला."

डबे भरायच्या आत पोचले. गेलेल्यांपैकी बरीचशी घरं परत मिळाली. टेम्पोवालं घर तेवढं टेम्पोचंच राहिलं. सॅकेत पडवळ मावत नाही आणि काकडी खालचा माठ चेचते, म्हणून दुधी, काकडी, पडवळ बंद करून मी नुसत्या पालेभाजीवर आले. क्लासची फी जाते. आता आमच्या गावातल्या आणखी बायका सॅका घेऊन येतात. पोरांची नावं घातलेल्या, कार्टूनची चित्रं असलेल्या सॅका. वॉचमन सगळ्यांना मॅडम म्हणतो. ट्रॅकवर वॉकिंग करणाऱ्या महिला किती वाढल्या, म्हणून ग्रुपने आमचा पाठमोरा फोटोही काढला.

आत्याला यातलं सगळं ऐकायचं असतं. परवा मी बूट काढत होते, तेव्हा तिने विचारलं, "समोरून ती लोकं आली की वाट देतात का गो तुला?"

चौघीचौघी एका रांगेत हात हलवत येतात. मी दिसले की 'एक्सक्यूज मी' म्हणतात, आणि मी सॅकेसकट फरशीवरून खाली गवतात उतरते. डोक्यावर काही नसल्यामुळे आता मानही सहज वळते.

"देतात तर," मी म्हणाले, आणि भाजी निवडायला बसले.