टेकडी न चढणारा माणूस

“पोलाको, युती, पोलाको!”

मी भिंग घाईघाईने ट्रेमध्ये ठेवायला लागले की तो हात आडवा धरायचा. पोलाको म्हणजे त्याच्या बोस्नियन भाषेत सावकाश. आणि युती म्हणजे मी. ज्योतीमधला ज जर्मनीत य होतो, बाकीचं त्याने आपल्या सोयीने बदललं. महाराष्ट्रातल्या युत्या कशा होतात आणि तुटतात हे मी त्याला एकदा सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, “आमच्याकडेही होत्या. तुटल्या, म्हणून तर मी इथे आहे.”

येनातल्या भिंगांच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही शेजारी बसायचो. मी पुण्याहून आलेली इंजिनिअर, तो शेवटची तपासणी करणारा कारागीर. पन्नाशीचा, उंच, जरा वाकून चालणारा. यंत्राने पास केलेलं भिंग तो खिडकीकडे धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि म्हणायचा, “इथे ओरखडा आहे.” मी पंधरा मिनिटं सूक्ष्मदर्शकाखाली शोधत बसायचे. ओरखडा असायचाच.

दहा वाजता तो लांब दांड्याच्या पितळी भांड्यात कॉफी करायचा. माझ्या डब्यात थालीपीठ असलं की अर्धं त्याचं. “याला भोक कशाला?” त्याने पहिल्यांदा विचारलं. “तेल सोडायला,” मी म्हटलं. “गेनाऊ!” म्हणजे अगदी बरोबर, असं तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला बाकीच्या टेबलांवर जाऊन हे शास्त्र समजावताना पाहिलं.

येना दरीत वसलं आहे. तुम्ही कधी आलात तर रविवारी बघा, निम्मं गाव भोवतालच्या टेकड्यांवर चढतं आणि वर उभं राहून खाली आपापलं घर शोधतं. कारखान्याची सहलही दरवर्षी तिकडेच जायची. हा कधी वर आला नाही. खाली नदीकाठी बाकावर बसून राहायचा. “गुडघे,” एवढंच म्हणायचा. आम्ही त्याच्या गुडघ्यांची यथेच्छ थट्टा करायचो. हाच माणूस राहत्या घराचे चार मजले रोज जिन्याने चढतो हे मला माहीत होतं, पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

तीन वर्षांपूर्वी एक मोठी ऑर्डर आली. त्याआधी कित्येक महिने काम कमी होतं. माझं कंत्राट मुदतीचं होतं आणि नोकरी गेली की व्हिसाही जाणार होता. त्यामुळे मालक आराखडे घेऊन आले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. रायफलीवर बसवायच्या दुर्बिणींची भिंगं होती.

त्याने आराखडा शेवटपर्यंत वाचला. मग हातमोजे काढले.

“हे मी बघणार नाही.”

“अरे, स्वतःचा बचाव करणाऱ्या लोकांसाठी आहे हे,” मालक म्हणाले.

“असेल. मला दुसरं काहीही द्या.”

पण त्याच्या सहीशिवाय पहिली खेप बाहेर जाणं कठीण होतं. मालकांनी त्याला विचार करायला आठवडाभर दिला.

शनिवारी मी त्याच्या घरी गेले. त्याची समजूत काढायला जाते आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझ्या कंत्राटाची काळजी मला तिथे घेऊन गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं. ती एका बेकरीत काम करायची, शांत आणि नेमकं बोलणारी. मुलगी हॅनोव्हरला शिकत होती, सुट्टीला आलेली. तिने माझीच बाजू घेतली.

“बाबा, साधी काच आहे ती. तुम्ही थोडीच कुणाला मारणार आहात?”

बायको त्याच्याकडे बघून म्हणाली, “सांग पोरीला आता.”

मी उठायला लागले, तर त्याने खूण करून बसवलं. मग तो बोलला, टेबलाकडे बघत.

“आमच्याकडे युद्ध सुरू झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. सैन्याने घरातून उचलून नेलं आणि वेढलेल्या शहरावरच्या डोंगरावर ठेवलं. हातात दुर्बीण दिली. गोळी झाडणं माझं काम नव्हतं. खाली बघायचं आणि तोफेवाल्यांना आकडे सांगायचे.”

“तुम्ही सैन्यात स्वयंपाकी होतात,” मुलगी म्हणाली. “तुम्हीच सांगितलं होतंत.”

“नव्हतो. एकदा पाण्याच्या रांगेत एक बाई होती. हातात पिवळा कॅन. मी आकडे सांगितले. दुर्बीण चांगली होती. ती पडली, तेही दिसलं. आणखीही होते. मग एक दिवस मी पळालो.”

मुलीने आईकडे पाहिलं. आई त्याच शहरातली, त्या डोंगराखालची. त्याच हिवाळ्यात तिची थोरली बहीण पाण्याच्या रांगेत तोफगोळ्याने गेली होती. हे मुलीला लहानपणापासून ठाऊक होतं, तिला नावही मावशीचंच दिलेलं होतं.

“आम्ही जर्मनीत भेटलो, निर्वासितांच्या वसतिगृहात,” आई म्हणाली. “लग्नाआधीच याने मला सगळं सांगितलं. मी वर्षभर याच्याशी बोलले नाही. मग बोलले.”

“आणि मावशी? ती कुणाच्या आकड्यांनी गेली?”

“ती कुठल्या तारखेला गेली, ते याने कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही.”

मुलगी उठली आणि बॅग भरून त्याच दुपारी हॅनोव्हरला परत गेली. मी माझ्या कंत्राटाविषयी एक शब्दही न बोलता जिना उतरले.

सोमवारी त्याने राजीनामा दिला. नोटिशीच्या महिन्यात त्याने मला तपासणी शिकवली, साध्या कॅमेऱ्यांच्या भिंगांवर. मी त्या ऑर्डरचं काम घेतलंय हे त्याला कळलं होतं. “तू कर,” तो म्हणाला. “तुझे डोळे स्वच्छ आहेत.” ती भिंगं मी तपासली, सह्या केल्या, माझी नोकरी कायम झाली. मी त्यावर फार विचार करत नाही. करायला बसले की काम होत नाही.

पुढचं मला त्याच्या बायकोने बेकरीच्या काउंटरवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मुलीने आठ महिने फोन केला नाही. मग एका उन्हाळ्यात भाड्याची गाडी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “चला. मला बघायचंय.” दोन दिवस तिनेच गाडी चालवली, आईबाबांना घेऊन थेट त्या शहरापर्यंत. कबरस्तानाच्या फाटकाशी तो थांबला, आत येईना. बायकोने बोलावलं नाही. मुलीने बाही धरून आत नेलं.

मेहुणीच्या दगडावरची तारीख त्याने वाचली. पुन्हा वाचली. बोटांवर दिवस मोजले. मेहुणी गेली त्याच्या एकोणीस दिवस आधीच तो डोंगरावरून पळालेला होता.

त्याने बायकोकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“लग्नाचे कागद भरताना तुझे सगळे कागद मीच वाचले होते. तू पळालास ती तारीख त्यांत होती.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू सुटला असतास,” ती म्हणाली. “ती कॅनवाली कुणाची बहीण नव्हती का?”

तो रागावला नाही. संध्याकाळी मुलीला म्हणाला, “तुम्ही दोघी परत जा. मी थोडा थांबतो.”

ते थांबणं अजून चालू आहे. ती रांग जिथे लागायची त्या गल्लीजवळ त्याने खोली घेतली आहे आणि तो तिथल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरतो, पिवळ्या कॅनवाली कोण होती. कुणी बसवून घेतं, कुणी दार लावून घेतं. विचारताना तो स्वतः तेव्हा कुठे होता, हेही आधी सांगतो.

बोस्नियाची बस महिन्यातून एकदा इथून सुटते. परवा मी त्याच्या बायकोबरोबर तिथे गेले होते. तिने ड्रायव्हरच्या हातात पुडकं दिलं. रक्तदाबाच्या गोळ्या, लोकरीचे मोजे आणि मुलीने बांधून दिलेला केक.

“नाव सापडलं का?” मी विचारलं.

“दोन सापडलीत. त्यातलं तिचं कुठलं, ते ठरत नाही.”

“मग आता?”

“दोघींच्याही घरी जाणार म्हणतो,” ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला गोळ्या उन्हात ठेवू नकोस म्हणून सांगायला पुढे गेली.