पाठलागातला धूर

अँबॅसडर थांबली तेव्हा तिचं पुढचं उजवं चाक तळ्याच्या बांधाबाहेर, हवेत होतं. खाली पाणी होतं. स्टिअरिंगवर यल्लप्पा होता.

डायरेक्टर ओरडला, "कट! सुपर्ब!" आणि त्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मी पळत सुटलो. वय पासष्ट, गुडघे कधीच गेलेत, तरी पळालो. उजवं दार पाण्यावर उघडत होतं, म्हणून यल्लप्पा डाव्या दाराने सरपटत बाहेर आला. अंगात हिरोचा तपकिरी कोट, डोक्यावर हिरोसारख्या केसांचा टोप. टोप घसरून एका कानावर आला होता. तशाच अवतारात तो डायरेक्टरपुढे गेला आणि त्याने हात जोडले.

"चुकलं साहेब. गाडी कशी वळली ते कळ्ळंच नाही बघा."

"होतं अंकल," डायरेक्टर म्हणाला. "वय झालं की होतंच. पण शॉट भारी आला. एकदा अजून करू."

मला तिथेच राग आला. अजून येतो. पण त्या वेळी कारण कळलं नव्हतं. एवढंच कळत होतं की यल्लप्पाच्या हातून गाडी अशी वळणार नाही.

मी सरकारी बसच्या डेपोत एकोणतीस वर्षं ब्रेक सेक्शनला होतो. यल्लप्पा त्याच डेपोत ड्रायव्हर. घाटातून, पावसातून, दिवाळीच्या गर्दीतून त्याने बस चालवली आणि एकदाही कुणाला धक्का लागू दिला नाही. अपघात न करता नोकरी केली म्हणून ड्रायव्हरला बिल्ला देतात, तो त्याला तीनदा मिळाला होता. हुबळीत लग्नाच्या वऱ्हाडाची बस ठरवताना लोक आधी विचारायचे, "यल्लप्पा येणार असेल तर सांगा." रिटायर झाल्यावर मी देशपांडे नगरच्या मागच्या गल्लीत लहानसं गॅरेज टाकलं आणि ही जुनी अँबॅसडर घेऊन स्वतःच्या हौसेने उभी केली. यल्लप्पा रोज संध्याकाळी येतो, बाकावर बसतो, इंजिनचा आवाज ऐकतो आणि नावं ठेवतो.

या शूटिंगमध्ये त्याला मीच ओढलं. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीच्यांवर चिडायला मी मोकळा.

पुण्याची टीम होती. मोबाईलवर बघायची मराठी मालिका, गोष्ट आमच्या धारवाडकडची आणि चाळीस वर्षांपूर्वीची. डायरेक्टरचं नाव सौमित्र, पस्तिशीतला मुलगा. गॅरेजवर आला आणि म्हणाला, "काका, मला जुन्या टीव्हीवरच्या डिटेक्टिव्हसारखा पाठलाग हवाय. खरी गाडी, खरा रस्ता, खरा ड्रायव्हर. कॉम्प्युटर नको."

मी पाघळलो. का, ते सांगतो. लग्नाआधी मी धारवाडला, सप्तापुरात एका प्राध्यापकांच्या घरी खोली घेऊन राहत होतो. टीव्ही त्यांच्याकडेच. डिटेक्टिव्हची मालिका असली की अख्खी गल्ली त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर. शेवटची दहा मिनिटं पाठलाग ठरलेला. मातीच्या रस्त्यावरसुद्धा टायर किंचाळायचे. वळणावर व्हील कॅप निघून घरंगळत जायची आणि पुढच्या शॉटमध्ये परत जागेवर यायची. चोर कितीही वेगात असो, गाडीचा काटा कधी दिसला तर चाळिसावर असायचा. मी सतरंजीवरून सांगायचो, "याचा मागचा ब्रेक धरत नाही." प्राध्यापक म्हणायचे, "गप की रे, बघू दे." सगळं खोटं होतं, हे आम्हाला कळायचं. पण त्या गाड्यांना वजन होतं. ब्रेक मारला की त्या नाक खाली घालायच्या, वळताना एका अंगावर कलायच्या. आत बसलेला माणूस खरंच स्टिअरिंगशी झटतोय, हे दिसायचं. आताच्या गाड्या इमारतीवरून उड्या मारतात आणि काळजाला काही होत नाही.

तर सौमित्र हे सगळं बोलत होता, आणि मला वाटलं, चला, आपल्यासारखाच एक भेटला. ड्रायव्हर म्हणून मी यल्लप्पाचं नाव सांगितलं. यल्लप्पा आधी नको म्हणाला, मग नातवंडांनी हट्ट धरला.

जागा कलघटगी रस्त्यापासून आत, एका तळ्याकाठी. उतारावरून गाडी यायची, जोरात ब्रेक मारायचा, डावीकडे वळायचं आणि बांधावरून पुढे निघून जायचं. कॅमेरा डाव्या हाताला. उजव्या हाताला तळं. सकाळी मी चारही चाकं तपासली, स्वतः दोनदा चालवून पाहिली. यल्लप्पाने तीन वेळा हळू, एकदा वेगात रिहर्सल केली. गाडी दोरीत ओवल्यासारखी वळली. मी ओके म्हटलं आणि नाश्त्याला गेलो. चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि गरम मिरची भजी होती. पाऊण तास मी गाडीपासून लांब होतो.

परत आलो तेव्हा यल्लप्पा टोप घालून गाडीत बसला होता आणि कॅमेरा सुरू व्हायच्या बेतात होता. मग जे झालं ते सुरुवातीलाच सांगितलं.

दुपार कलता कलता कलघटगीकडच्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणून गाडी बांधावरून मागे ओढली. मी जॅक आणि पाना घेऊन खाली बसलो. सौमित्र माझ्या डोक्यावर उभा.

"काका, लाईट जातोय. गाडीला काही झालेलं नाही."

"गाडी उजवीकडे ओढली."

"अंकलचा हात वळला. ते स्वतःच म्हणाले ना."

चाकाजवळ गेलो तेव्हाच वास आला होता. करपलेल्या तेलाचा वास. ब्रेक सेक्शनच्या माणसाला तो झोपेतही कळतो.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. अँबॅसडरच्या चाकाच्या आत पातेल्यासारखा एक लोखंडी ड्रम असतो आणि तो चाकाबरोबर फिरतो. पेडल दाबलं की ड्रमच्या आतले दोन शू फाकतात आणि त्याला आतून घासतात. शूवर खरखरीत अस्तर असतं, त्याला लायनर म्हणतात. त्या खरखरीत लायनरवर सगळी गाडी थांबते. लायनरला तेल लागलं की तो धरत नाही, घसरतो. आणि एकाच बाजूच्या लायनरला तेल लागलं तर त्याहून वाईट. बैलजोडीतला उजवा बैल थांबला आणि डावा चालत राहिला तर गाडी कुठे वळेल, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं.

पुढचा डावा ड्रम काढला. आत तेल निथळत होतं. मागचा डावा काढला. तिथेही तेच. उजवे दोन्ही कोरडे ठणठणीत.

सील फुटून गळलेलं तेल वेगळं दिसतं. हे वरून घातलेलं होतं. व्हील कॅप काढली की ब्रेक ॲडजस्ट करायचं एक भोक दिसतं, त्या भोकाच्या कडेला ओघळ होता.

"गाडीला कुणी हात लावला?" मी विचारलं.

सौमित्रने इफेक्ट्स बघणाऱ्या केतनकडे पाहिलं. धूर, पाऊस, स्फोट हे सगळं केतनच्या खात्यात. चाळिशीचा माणूस, पोर नव्हे.

"स्मोकसाठी काका," केतन म्हणाला. "ब्रेक मारल्यावर चाकातून धूर यायला हवा होता. थोडंसंच घातलं."

"डावीकडेच का?"

"कॅमेरा लेफ्टला आहे. राइटचा धूर दिसणारच नाही, मग कशाला घालायचा?"

मी पाना खाली ठेवला. हातात राहिला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. दोन्हीकडे घातलं असतं तर गाडी निदान सरळ तरी गेली असती. या माणसाने काटकसर केली.

"यल्लप्पाला सांगितलं होतंस?"

"उगाच टेन्शन कशाला द्यायचं अंकलना?"

"आणि तुम्हाला माहीत होतं?" मी सौमित्रला विचारलं.

"धूर करणार आहेत एवढं माहीत होतं. ब्रेकचं मला काय कळतं काका? मिसकम्युनिकेशन झालं. पुसून घ्या ना पटकन."

तेल प्यालेला लायनर पुसून चालत नाही. बदलावा लागतो. पण माझ्या डोक्यात लायनर नव्हता. चाकात धुरासाठी काहीतरी केलंय हे या दोघांना ठाऊक होतं. गाडी अचानक वेडीवाकडी का वळली, असा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. त्याऐवजी एक म्हातारा ड्रायव्हर टोप घालून हात जोडून उभा राहिला आणि दोघांनी त्याची माफी खिशात घातली. वर वय काढलं.

एवढ्यात यल्लप्पा आला. लांब बसून पाणी पीत होता, त्यामुळे त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

"करूया की अण्णा," तो मला म्हणाला. "या खेपेला सांभाळून वळवतो. माझ्यापायी त्यांचं काम अडलं, बरं नाही दिसत."

"यल्लप्पा, गप बस."

"बिडरी, जाऊ द्या अण्णा. रागावू नका. हात जरा ढिला पडला माझा."

तेव्हा माझा तोल गेला. आमच्या डेपोत एक रीत होती. कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती, पण साहेब असो की हेल्पर, कुणी मोडली नाही. ब्रेकला ज्याचा हात शेवटचा लागला, त्याने पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. लायनर मी बसवले तर बसमध्ये मी. त्यामुळे काम करताना हात आपोआप जपून चालायचा.

मी ड्रम परत चढवले, तेलासकट. चाकं लावली, नट आवळले. सौमित्रला वाटलं, म्हातारा ताळ्यावर आला. मी डावं दार उघडलं.

"केतन, बस."

"मी?"

"शॉटआधी ब्रेकला शेवटचा हात तुझा. आमच्यात तो माणूस शेजारी बसतो. उतारावरून यायचं, इथे ब्रेक मारायचा. एकदाच. गाडी यल्लप्पा चालवेल."

केतनने तळ्याकडे पाहिलं. "काका, मला पोहता येत नाही."

"यल्लप्पालाही येत नाही," मी म्हटलं.

लाईट धरणारे, चहा देणारे, मेकअपवाले, सगळे केतनकडे बघत होते. मी सौमित्रला विचारलं, "तुम्ही बसता? खरी गाडी, खरा रस्ता."

"मला मॉनिटरवर बघावं लागतं," तो म्हणाला, आणि निदान मान खाली घातली.

बसायला कुणी तयार झालं असतं तर? तर मी किल्ली काढून घेतली असती. यल्लप्पाला मी तसल्या गाडीत परत बसू देणार नव्हतो. पण तशी वेळ आलीच नाही.

यल्लप्पाला आता काहीतरी कळलं होतं. त्याने मला विचारलं नाही. खाली बसला, व्हील कॅप काढली, भोकाच्या कडेला बोट फिरवलं आणि वास घेतला. मग उठला, डोक्यावरचा टोप काढला, कोट काढून त्याची घडी घातली आणि दोन्ही केतनच्या हातात दिले.

"हेळबेकित्री," तो म्हणाला. सांगायला पाहिजे होतं.

सौमित्र मागून आला, सॉरी अंकल, सॉरी अंकल म्हणत. यल्लप्पाने मान हलवली आणि ट्रॅक्टरवाल्याशेजारी जाऊन बसला. अँबॅसडर त्याच ट्रॅक्टरमागे बांधून आम्ही कलघटगीपर्यंत नेली. मी घरी जाऊन स्वतःला शिव्या घातल्या. पास केलेली गाडी सोडून मेकॅनिक जागचा हलत नाही, हे मी किती जणांना शिकवलं होतं. आणि मीच मिरची खायला गेलो.

मालिका आली. तो शॉट त्यात आहे. धूर, उजवीकडे फेकली गेलेली गाडी, हवेतलं चाक, सगळं. खाली लोकांनी लिहिलंय की जुन्या मालिकांची आठवण झाली, असे खरे स्टंट आता कोण करतो. स्टंट म्हणून नाव केतनचं. मी फोन करून सौमित्रला चांगलं अर्धा तास झापलं. त्याने ऐकून घेतलं. नाव बदललेलं नाही.

यल्लप्पाची नातवंडं तो शॉट पुन्हा पुन्हा लावतात. एकदा माझ्यासमोर लावला. मुलं नाचत होती. यल्लप्पा मात्र पडद्यावरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"तेल असेल अण्णा," तो मला हळूच म्हणाला. "पण जवान असतो तर सांभाळली असती."

नसती. कुणीच सांभाळली नसती. हे मी त्याला ड्रम उघडून दाखवलं, कागदावर आकृती काढून दाखवलं, बैलांचं उदाहरण देऊन सांगितलं. तो हौद्री हौद्री, हो हो, म्हणतो. पण मुलाने गाडीची किल्ली पुढे केली की म्हणतो, तूच चालव. रविवारी नातवंडांना उणकल तळ्यावर तोच न्यायचा. आता मागच्या सीटवर बसतो.

गॅरेजवर अजूनही मालक लोक येतात. ड्रायव्हरला पुढे घालून आणतात आणि सांगतात, याने ठोकली, म्हातारा झालाय, याला काढायचाय. मी मालकाला बाकावर बसवतो. आधी चाक उघडतो. ड्रायव्हरचं वय मग विचारतो.