बाहेर उघडणारं दार

घरोघरी कपडे धुण्याची मशीनं बसवणाऱ्या त्या माणसाला आमच्या भागात सगळे पाणसळ म्हणत. पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, जमीन सपाट आहे की नाही ते पाहायची. ती कायम त्याच्या खिशातून डोकावत असे. माझं मशीन त्याने झोपायच्या खोलीत बसवलं, यजमानांचं कपाट काढून टाकल्यावर उरलेल्या कोनाड्यात.

"काकू, लोक गेलेल्या माणसाच्या जागी फोटो लावतात. तुम्ही मशीन लावताय."

"त्यांचे शर्ट जन्मभर मीच धुतले," मी म्हटलं. "फोटोपेक्षा हेच त्यांना शोभतं."

जिथे नळ नाही, सांडपाण्याला वाट नाही, वळायला जागा नाही, अशाच खोल्यांसाठी लोक त्याला शोधत यायचे. जिन्याखालची पोकळी, न्हाव्याच्या दुकानामागची पलंगाएवढी खोली, एका मास्तरांची पुस्तकांची खोली. मशीन म्हणजे घरात आणून बांधलेलं जनावर, असं तो मानायचा. नव्या मशीनच्या आतला ड्रम मागून बोल्टांनी जखडलेला असतो, वाटेत हलू नये म्हणून. ते बोल्ट आधी काढायचे असतात. एका जावयाने 'मला येतं सगळं' म्हणत मशीन स्वतःच बसवलं आणि बोल्ट तसेच ठेवले. कपडे पिळायची वेळ आली तसं ते उड्या मारत कोनाड्यातून बाहेर आलं, बेसिन फोडलं आणि सासूबाईंचं पाऊल भिंतीशी चिरडलं. पाणसळ पोचला तेव्हा फरशीवर लाल पाणी, सासूबाई बेशुद्ध आणि जावई पलंगावर उभा. तेव्हापासून पहिलं पिळणं पुरं झाल्याशिवाय तो कोणाच्या घरातून निघत नसे.

त्याची आई लोकांचे कपडे धुवायची. कपडे बडवायच्या धोपाटण्यानेच बाप तिला बडवायचा. एका फटक्यात तिचा डावा कान कायमचा गेला. मिसरूड फुटली तशी एक दिवस याने ते धोपाटणं बापाच्या हातून हिसकावलं आणि त्याचा जबडा फोडला. म्हाताऱ्याला पुढे मरेपर्यंत नीट चावता आलं नाही. हे सगळं त्याने मला चहा पिता पिता सांगितलं, गळका नळ दुरुस्त केल्याचं सांगावं तसं. रागीट म्हणून त्याची ख्याती होती आणि ती काही उगीच नव्हती.

माझ्या वरच्या मजल्यावर एक नवराबायको राहत. तो कुठल्याशा कचेरीत वरच्या हुद्द्यावर, कपडे कडक इस्त्रीचे, जिन्यात भेटला की आधी वाकून नमस्कार करणार. ती बारीक चणीची, बोलणं कमी. माझ्या डोक्यावर आधी खुर्ची सरकायची, मग काहीतरी जड पडायचं, मग धावती पावलं, आणि अडगळीच्या खोलीची कडी. मी वर जाऊन बेल वाजवली की तो फटीतून हसून म्हणायचा, "मावशी, आमच्या बाईसाहेब पुन्हा घसरल्या. चष्मा करायला हवा त्यांना." एकदा मी पोलिसांना बोलावलं. तेव्हा तिने स्वतःच मान खाली घालून सांगितलं, की हो, मी पडले.

त्या अडगळीच्या खोलीवर तिचा जीव टिकून होता. दार आत उघडणारं. तो लाथ घालायचा, कडी उखडायची, आणि तो कचेरीत गेला की ती हाताला येतील ते स्क्रू लावून कडी पुन्हा बसवायची.

शेवटी त्याने युक्ती काढली. धुण्याचं मशीन आणि ड्रायर, दोन्ही एकदम आणली आणि पाणसळला बोलावलं.

"मिस्त्री, दोन्ही या खोलीत बसवा. आणि हे दार काढूनच टाका. कोंदट होतं." मग बायकोकडे पाहून म्हणाला, "राणीसाहेबांना दारं लावून बसायची फार हौस. आता बसा म्हणावं हवेशीर."

पाणसळने दार न्याहाळलं. चौकटीला कडीच्या जागी भोकंच भोकं, कडीत एकाला एक न जुळणारे स्क्रू, आणि दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर बुटांचे डाग. बाई कोपऱ्यात उभी होती. ओठ फुटलेला.

"दार काढलं तर पिळताना तुमचं डोकं उठेल, साहेब," तो म्हणाला. "त्यापेक्षा उलटं टांगतो. बाहेर उघडेल, आत जागाही होईल."

"कसंही करा. पण ती कडी काढा."

"बघतो," पाणसळ म्हणाला. साहेब फोनवर बोलायला गॅलरीत गेले.

आत उघडणाऱ्या दाराला लाथ घातली की सगळा जोर कडीवर येतो. बाहेर उघडणारं दार लाथेने चौकटीवर आणखी घट्ट बसतं. त्याने बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला घेतल्या, आतून जाड कडी लांब स्क्रूंनी ठोकली, आणि बाहेरचं हँडल काढून पिशवीत टाकलं, म्हणजे ओढायलाही काही राहू नये. बाईला तो हळूच म्हणाला, "ताई, आता लाथा घालू दे. पायच दुखतील." ती पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसली, असं तो मला नंतर म्हणाला.

मग त्याने मशीन सुरू केलं आणि नेहमीप्रमाणे पिळणं संपायची वाट बघत उभा राहिला. ड्रम घरघरायला लागला आणि साहेब आत आले. त्यांची नजर थेट नव्या कडीवर.

"ही काय आहे?"

"दार थरथरून उघडतं साहेब, म्हणून—"

"तुम्हाला विचारलं नाही मी." त्याने बायकोचे केस धरले. "तू सांगितलंस ना याला? बोल." आणि तिचं तोंड ड्रायरच्या काचेवर आपटलं. पुन्हा आपटलं. काच तशीच राहिली, तिचं नाक फुटलं.

पाणसळने त्याची बोटं एकेक करून केसांतून सोडवली, छातीला खांदा लावून त्याला बाहेर रेटलं, त्याच्यासोबत स्वतःही बाहेर आला आणि ओरडला, "ताई, कडी!"

दार लागलं. साहेबांनी लाथ घातली, खांदा घातला, मग धावत येऊन दोन्ही पाय घातले. दार ढिम्म. बाहेर धरायला हँडलही नाही. आणि मग त्याला बिजागऱ्या दिसल्या.

पाणसळचं चुकलं ते इथे. दार उलटं टांगलं की बिजागऱ्यांच्या पिना बाहेर येतात आणि खालून ठोकल्या तर निघतात. त्या पक्क्या करायचं काम त्याने पिळणं झाल्यानंतरसाठी ठेवलं होतं, आणि पिशवी दाराबाहेरच उघडी होती. साहेबांनी हातोडा आणि पेचकस उचलला. वरची पिन दोन ठोक्यांत उडाली. दार वरून कलंडलं आणि फटीतून बाईचं किंचाळणं ऐकू आलं.

खालच्या बिजागरीवर पाणसळने पंजा ठेवला.

"हात काढ."

"नाही काढत."

हातोडा पंजावर बसला. हात तिथेच. पुन्हा बसला. मला खाली तो आवाज मशीनच्या घरघरीतून वेगळा ऐकू येत होता, मऊ, मांस कुटल्यासारखा. मी पोलिसांना फोन केला आणि समोरच्या दुकानातल्या न्हाव्याला हाक मारली. तो वस्तरा ठेवून धावला, मागोमाग त्याचं गिऱ्हाईक, अर्ध्या गालावर साबण. आम्ही वर पोचलो तेव्हा साहेब हातोडा पुन्हा उगारत होते. न्हाव्याने मागून गळ्यात हात घालून त्यांना खाली पाडलं, साबणवाला पायांवर बसला.

"ताई, मी आहे, खालची," मी दाराशी तोंड नेऊन म्हटलं. बऱ्याच वेळाने कडी सरकली.

ती बाहेर आली. तोंड, हनुवटी, गळा, सगळं रक्ताने माखलेलं. नवऱ्याकडे पाहिलं. जमिनीवरचा हातोडा उचलला आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला. साहेबांनी डोळे मिटले. न्हावी म्हणाला, "बाई, माझा हात आहे तिथे."

"ताई," पाणसळ भिंतीला टेकून बसल्या बसल्या म्हणाला, "हातोडा माझा आहे. द्या इकडे."

तिने हातोडा नवऱ्याच्या कानाशेजारी इतक्या जोरात आदळला, की फरशीचा तुकडा उडून त्याचा गाल चिरला. मग तो पाणसळच्या मांडीवर नेऊन ठेवला.

पोलीस आले आणि साहेबांना घेऊन गेले. या वेळी तिने सगळं सांगितलं, पदराने नाक दाबत, एकही गोष्ट न गाळता.

दवाखान्यात पाणसळच्या पंजाला प्लास्टर घालत होते, तेव्हा त्याची बायको आली. आडव्या बांध्याची, कमरेला किल्ल्या.

"झाली मारामारी?"

"मी नाही मारलं."

"तू? तू नाही मारलं?"

"एक मारला असता तर थांबलो नसतो. म्हणून दार धरून बसलो."

तिला खरं वाटेना. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. मग माझा हात धरून बसलेली वरची बोलली, "वहिनी, त्यांनी हात काढला असता तर मी आज नसते."

पाणसळची बायको तिच्या सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिली. "आता कुठे जाणार?"

वरचीच्या घराच्या किल्ल्या नवऱ्याच्या खिशात होत्या, आणि तो आज ना उद्या सुटणार होता.

"आमच्याकडे चला. दोनच खोल्या आहेत. मागच्या खोलीत याने तीन जुनी मशीनं आणून ठेवली आहेत, दोन बाहेर काढायला लावते. काढेल एका हाताने." मग थांबून म्हणाली, "त्या खोलीला कडी नाही. पण आमच्या घरात आता कोणी हात उचलत नाही."

पाणसळ प्लास्टरकडे बघत होता. 'आता' हा शब्द त्यानेही ऐकला, मीही. वरचीने तो ऐकला की नाही, कोण जाणे. ती उठली आणि माझा हात सोडून त्या बाईच्या मागे चालू लागली.