दोन्या कूकाच्या फरशीखाली

पडदा वर जातो तेव्हा समोर एक स्वयंपाकघर दिसतं. नोगालेस गावाच्या चढावर टेकून बांधलेली खोली. चुलीवर पालथ्या लोखंडी तव्यावर हातभर रुंद, पातळ तोर्तिया भाजली जातेय. खिडकीत दोन देशांमधल्या सीमेची गंजकी भिंत, इतकी जवळ की पलीकडचा कुत्रा भुंकला की अलीकडच्या कोंबड्या दचकतात. आणि मधोमध, पिठाचे हात कमरेवर ठेवून, मान तिरकी करून फरशीकडे कान लावलेली ठेंगणी बाई. ही दोन्या कूका, म्हणजे कूकाबाई. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या तोर्तियांवर वाढली. पैसे नसले तरी ती द्यायची, वर एक शिवी फुकट.

"ऐकलंस, कोमाद्रे?"

शेजारची चायो, कूकाच्या मुलाची, नाबोरची, धर्ममाता, कॉफीचा कप खाली ठेवत म्हणाली, "उंदीर असतील गं."

"उंदीर दार वाजवून येतात होय? दोन ठोके, जरा थांबून एक. हा एलेआसार आहे."

एलेआसार तिचा नवरा. बेकरीत भट्टीवर होता. खिशात किल्ली असली तरी दार असंच वाजवायचा. नाबोर चालायला लागला तशी त्यानेही तीच नक्कल उचलली होती.

"जिवंत होता तेव्हा कधी वेळेवर घरी आला नाही," चायो म्हणाली, "आता बरा येतोय रोज संध्याकाळी!"

दोघी हसल्या. पण कूकाच्या मनात काटा होताच. एलेआसार गेला तेव्हा नऊ दिवसांची प्रार्थना पुरी झाली नव्हती. नवव्या संध्याकाळी जमिनीवर काढलेला चुन्याच्या भुकटीचा क्रूस गोळा करून उचलायचा असतो, त्याशिवाय जीव सुटत नाही. नेमका त्या दिवशी नाल्याला पूर आला, प्रार्थना सांगणारी म्हातारी पलीकडेच अडकली, आणि क्रूस पावलांखाली पुसून गेला. तो बिचारा अजून वाटेत अडकलाय, मोकळं करा म्हणून विनवतोय, असं तिला वाटलं. तिच्या जागी त्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला तेच वाटलं असतं.

ठोके यायला लागले तेव्हा नाबोर घरी नव्हता. दोन माणसं गाडी घेऊन आली होती, काबोर्काला बांधकामावर चांगलं काम आहे म्हणाली होती. पहिले काही दिवस फोन आला, मग बंद. 'तरणा पोरगा, आईला विसरला,' असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि फोन एप्रनच्या खिशात ठेवूनच झोपायची.

तर तिने नव्याने प्रार्थना मांडली. ठोके यायचे तिथेच चुन्याचा क्रूस काढला. गल्लीतल्या बाया जमल्या, कॉफी झाली, गोड पाव झाले. गाताना कूकाचा आवाज सगळ्यांच्या वर. खालून ठोका आला की ती वाकून म्हणायची, "जा रे माझ्या राजा, आता शांत जा. आमची काळजी करू नकोस."

नवव्या संध्याकाळी ठोके आले नाहीत. त्यांनी क्रूस उचलला. कूका रडली आणि हसलीही. "सुटला," म्हणाली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

थंडी सुरू झाली तेव्हा गल्लीतला रस्ता खचला. सैनिक आले, जमिनीत डोकावणारी यंत्रं आली. पलीकडच्या सरकारचीही माणसं भिंतीशी येऊन उभी राहिली. तस्करांचं भुयार निघालं, टेकडीच्या पोटातून थेट भिंतीखाली गेलेलं. मग इंजिनिअर किहादा एका मजुराला घेऊन कूकाच्या दारात आला. भुयार कोसळलं तेव्हा खणणाऱ्यांतला हा एकटाच पळून सुटला होता.

मजुराने स्वयंपाकघर पाहिलं आणि टोपी काढली.

"इथंच," तो म्हणाला. "आम्हाला वर येऊ देत नव्हते, दोन्या. आमच्यात एक पोरगा होता. म्हणायचा, वर माझ्या आईची चूल आहे, भाकरीचा वास येतो. पहारेकरी गेला की फावड्याच्या दांड्याने छताला ठोकायचा. म्हणायचा, ती ओळखेल."

चायोने कूकाचा दंड धरला.

"वरून गाणं ऐकू यायचं," मजूर म्हणाला. "तो म्हणायचा, ऐकलं बघा तिनं, आता माणसं घेऊन येईल. मग एके दिवशी माती आली."

कूकाने टेबल बाजूला ओढलं.

"खणा."

"दोन्या कूका," किहादा हळू आवाजात म्हणाला, "टेकडी भुसभुशीत आहे. इथं खणलं तर खालची घरं बसतील."

"माझं बसू दे."

"शेजारचंही बसेल."

"बसू दे माझंही!" चायो ओरडली. "कोणी विचारलंय घराला?"

किहादाने वरिष्ठांना फोन लावला, पुन्हा लावला. शेवटी फरशीला बारीक भोक पाडून कॅमेरा सोडायची परवानगी मिळाली. पडद्यावर माती दिसली, मोडकी फळी दिसली, पुन्हा माती. कूका म्हणाली, "अजून खाली." वायर संपली होती.

भुयार मोकळं ठेवायचं नाही, नाहीतर पुन्हा वापरतात, असा दोन्ही सरकारांचा ठराव होता. काँक्रीटच्या गाड्या चढावरून येत राहिल्या. कूका उंबऱ्यात बसून होती. एका गाडीवाल्याने इंजिन बंद करून छातीवर क्रूस काढला, आणि मग नळी सोडली.

तोर्तिया ती अजूनही करते, गात मात्र नाही. मृतांच्या सणाला एलेआसारचा फोटो वेदीवर मांडते, नाबोरचा हातात धरून बसते.

मागच्या उन्हाळ्यात किहादा पुन्हा आला. केस पांढरे झाले होते. नव्या भुयारांचा माग लागावा म्हणून सरकार चढावरच्या घरांखाली आवाज टिपणारी यंत्रं पुरत होतं, आणि तिच्या फरशीखाली एक बसवायला तिची परवानगी हवी होती. मान खाली घालून त्याने विचारलं.

कूकाने स्वतः टेबल सरकवून दिलं.

"बसव, बाळा. पण काही ऐकू आलं तर आधी विचारा, कोण आहे म्हणून."