पानं झडलेल्या कांड्या

सासूबाई गेल्यावर चोपड्याजवळचं केळीचं शेत पुतण्याला कसायला देऊन सासरे, म्हणजे आमचे आबा, जळगावला पिंप्राळ्यात आमच्याकडे राहायला आले. त्यांना इथे करमेल का, हीच आम्हा नवराबायकोला काळजी. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, पाहुण्यासारखे. चहासुद्धा मागायचे नाहीत.

त्याच गॅलरीत हिरव्या जाळीखाली माझी ऑर्किडं. जळगावच्या उन्हात ऑर्किड लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे शेजारणींनी मला ऐकवून झालंय. त्यातलं जांभळं म्हणून आणलेलं डेंड्रोबियम गेल्या वैशाखात फुललं, ते धुऊन विटलेल्या ब्लाउजसारखं. थंडीत फुललं तर रंग गडद येतो, म्हणून मी पौषाकडे डोळे लावून बसले होते. आणि आल्या की कळ्या! गेल्या वर्षीच्या, पानं झडून वाळक्या दिसणाऱ्या कांड्यांवरच त्यांचे बारीक डोळे फुटले.

संक्रांतीचे तीळ घेऊन बाजारातून आले, तर आबांनी शेतातून आणलेल्या विळ्यानं त्या सगळ्या कांड्या बुडापासून छाटून एका बाजूला नीट रचून ठेवलेल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

"घड निंघी गया का खोड कापनं पडस," ते म्हणाले. "मंग पिलाले जोर येस."

केळीचं खरं आहे ते, घड उतरला की जुनं खोड कापतात, मग बुडाशी फुटलेलं पिलू जोर धरतं. पण माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला कोणी हात लावायला सांगितला होता?" मी ओरडले. ओरडले ते ओरडले. वर्षभर जपलेलं झाड होतं, कोणीही ओरडलं असतं. आबा आत गेले आणि पिशवीत कपडे भरायला लागले.

कांड्या गोळा करून मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले.

"आबा, यांचे तुकडे ओल्या काथ्यावर ठेवले तर यांनाही पिलं फुटतात. पण मला एकटीला नाही जमणार."

त्यांनी पिशवी बाजूला सारली. एक कांडी उचलून तिच्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"फूल कव्हय येई?"

"दोन-तीन वर्षं तरी लागतील."

"तवलोंग माले ऱ्हाऊ देशी का?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

आमच्याकडे सून सासऱ्याचा हात धरत नाही. मी तो घट्ट धरला आणि मोठ्यानं रडले, इतकी की शेवटी आबाच माझी समजूत घालायला लागले.