खुर्चीवरची मालनबाई

मालनच्या घरात चुलीच्या वर, धुरानं काळ्या पडलेल्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. पहाटे उठणे, प्रार्थना, व्यायाम, आंघोळ, दिवसाच्या कामांची आखणी, असं त्यावर तिनंच वळणदार अक्षरात लिहिलं होतं. त्या उन्हाळ्यात सास्तुरात टँकर कधी पहाटे यायचा, कधी भर दुपारी, कधी यायचाच नाही. त्यामुळं आंघोळीची वेळ मालनच्या हातात नव्हती आणि व्यायाम घागरी वाहूनच व्हायचा. तरी तिनं कागद काढला नाही. भाकरी थापताना ती तो वाचायची आणि आजही जमलं नाही, एवढंच मनाशी म्हणायची.

साल १९८६. नवरा बाबू माकणीला धरणाच्या कामावर होता, पंधरवड्यानं घरी यायचा. मालन सातवी शिकलेली. गावात बायकांची दूध संस्था निघाली तेव्हा तिला सचिव नेमलं, पण हंगामी. कायम करायचं की नाही, ते उस्मानाबादहून साहेब येऊन, काम बघून ठरवणार होते. याआधीचे दोन उन्हाळे मालननं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. मुकादम तिला 'ए बाई' म्हणायचा. रात्री कूस बदलताना पाठ अजून बोलायची. पुन्हा खडीवर जायचं नाही, यापलीकडं तिला काही नको होतं.

मार्चमध्ये उस्मानाबादला सचिवांचं शिबिर झालं. शिकवायला चंद्रप्रभाताई होत्या, मूळच्या तुळजापूरच्या, शांत आवाजाच्या. त्यांनी मनापासून शिकवलं. ताठ कसं बसायचं, समोरच्याच्या नजरेला नजर देऊन कसं बोलायचं, केस चापूनचोपून कसे बांधायचे. मिश्री लावून कामावर यायचं नाही. कामाच्या वेळी घरगुती गप्पा नाहीत. सगळ्यांना सारखा मान, सगळ्यांना नावानं आणि अहोजाहो करून हाक. खुर्चीवर बसलात की तुम्ही कुणाची जाऊ नाही, कुणाची मैत्रीण नाही, तुम्ही सचिव, असं त्या म्हणाल्या. मालन एसटीत घरापर्यंत ते वाक्य घोकत आली.

दुसऱ्या दिवशी तिनं पितळी तांब्यात निखारे घालून साडीवरून फिरवला आणि संस्थेच्या खोलीत खुर्चीवर जाऊन बसली. एरवी ती जमिनीवर बसून दूध मोजायची. मोजता मोजता कुणाची म्हैस आटली, कुणाच्या लेकराला ताप आहे, कुणाची सासू कुणाला काय बोलली, सगळं निघायचं. त्या सकाळी पहिली आली तिची थोरली जाऊ विठाबाई. मालन तिला आक्का म्हणायची.

"नमस्कार विठाबाई," मालन म्हणाली. "दूध इथं ठेवा."

विठाबाईनं भांडं ठेवलं. मालननं दुधात डिग्रीची काचनळी बुडवून पाणी मिसळलंय का ते बघितलं, माप घातलं, आकडा सांगितला आणि पुढच्या बाईकडं वळली. पुढची इरम्मा होती, शेजारीण. लग्न होऊन आल्यापासून दोघींचं अगंतुगंचं. इरम्मानं तिला रात्रीच्या आमटीची चव सांगायला तोंड उघडलं होतं, तोवर मालननं तिलाही इरम्माबाई म्हणून, मान देऊन, वाटेला लावलं. पहिल्यांदाच वेळेच्या आत काम उरकलं. मालनला बरं वाटलं.

सास्तुरात दोन घरांनी अबोला धरला तरी देणंघेणं थांबत नाही. विहीर एक, बांध एक, थांबून चालत नाही. मग नाव घेऊन, मान देऊन, कामापुरतं तेवढं बोलायचं. कुणी इतक्या अदबीनं बोलायला लागलं की बघणाऱ्याला कळतं, यांचं बिनसलं. हे मालनलाही लहानपणापासून ठाऊक होतं. पण शिबिरातली अदब वेगळी आणि गावातली वेगळी, असं तिच्या मनानं धरलं होतं. बाकीच्यांना ते कोण सांगणार?

बायका आपापल्या घरी जाऊन आपलं काय चुकलं ते शोधू लागल्या. एकीला आठवलं, मालनची चाळण आपल्याकडंच राहिली आहे. विठाबाईनं तर जेवण टाकलं. पाठच्या बहिणीसारखी वागवली आणि आता चारचौघींत नाव घेते म्हणून ती दिवसभर धुमसत राहिली. हळूहळू दूध कमी झालं. गावातल्या सोमलिंगच्या खव्याच्या भट्टीवर दुधाच्या चरव्या जाऊ लागल्या. तो भाव कमी द्यायचा, पण हसून बोलायचा. मालनला वाटलं, वैरण नाही, म्हशी आटल्या. दोन कॅन जायचे तिथं एकही भरेना. आणि साहेब येणार असल्याचा निरोप आला.

आदल्या दिवशी दुपारी ती इरम्माकडं गेली. इरम्मानं उठून पाहुण्यांची चटई अंथरली, डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "या, बसा."

मालन उभीच राहिली. इतक्या वर्षांत त्या घरात तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं. चुलीपाशी जाऊन स्वतःच्या हातानं चहा ओतून घेणारी ती.

"असं का बोलायलीस गं?"

"तुमीच सुरू केलं की मालनबाई. आमी आपलं तुमच्या मागनं."

"माझं काय चुकलं?"

"ते तुमालाच ठावं. म्या तर रातभर इचार केला, हिला काय बोलले म्हनून. नवऱ्याला बी इचारलं. त्यो म्हनला, तूच काय तरी बोलली असशील, तुझं तोंड हाय का न्हाय धड."

मालन मटकन खाली बसली, चटई सोडून, मातीवर. साडीची इस्त्री गेली. तिनं शिबिराचं सगळं सांगितलं, चंद्रप्रभाताईंचं वाक्यही. इरम्मा ऐकत राहिली आणि मग पदर तोंडाशी धरून हसायला लागली. हसून झाल्यावर मात्र तिचे डोळे भरले.

"बया, मग आधी सांगायचं न्हाय व्हय? लई जीव खाल्लास बघ."

सकाळी साहेब आणि चंद्रप्रभाताई जीपमधून आले आणि भिंतीशी बाकावर बसले. मालन ताठ होती. दारात विठाबाई भरली चरवी घेऊन उभी राहिली, मागं इरम्मा, त्यांच्यामागं सगळ्या. इरम्मानं रात्री घरोघर सांगितलं असणार. पण विठाबाई आत येईना. ती मालनच्या तोंडाकडं बघत होती.

मालननं एकदा ताईंकडं पाहिलं. मग ती खुर्चीवरून उठली, पदर खोचला आणि खाली बसली.

"आक्का, या की आत. गुडघा कसा हाय?"

"हाय मेला तसाच," विठाबाई म्हणाली आणि चरवी टेकवली.

मग खोलीत कल्ला झाला. महिनाभराचं साठलेलं बोलणं एकदम बाहेर पडलं. चाळण परत आली. मालन बोलता बोलता डिग्री बघत होती, आकडा सांगत होती, एकीचं पाणी घातलेलं दूध परत करून तिलाच हसवत होती. दुसरा कॅन भरत आला तोच टँकरचा हॉर्न वाजला आणि बायका घागरींसाठी धावल्या.

दूध चांगलं आहे, साहेब म्हणाले, पण शिस्त नाही. सचिव कोण आणि सभासद कोण, तेच कळत नाही. आणखी सहा महिने हंगामी राहू दे, मग बघू. चंद्रप्रभाताई मालनच्या बाजूनं हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, पण साहेब तोवर जीपकडं निघाले होते. जाताना ताईंनी मालनचा हात धरला. "मी सांगितलं ते खोटं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. मालननं मान हलवली. ते तिला मान्यच होतं.

खडीवर जावं लागलं नाही. पण कायमही कुणी केलं नाही. त्या सहा महिन्यांनंतर आणखी सहा, मग साहेब बदलले, मग पुन्हा सहा. मालन हंगामीच राहिली, जमिनीवर बसून दूध मोजत. खुर्चीवर मापं ठेवायची.

साहेब आले त्या दिवशी, जीप गेल्यावर, कॅन बंद करून ती एकटीच बसली होती. कपाळ दुखत होतं. विठाबाई डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर घेऊन दारात आली. कमरेवरची मालनची होती.

"मालनबाई," ती हसू दाबत म्हणाली, "तुमचं पानी आनलंय. इथं ठेवू का?"

"ठेवा, आक्का," मालन म्हणाली, आणि घागर उतरवून घ्यायला उठली.