सारवलेला खड्डा

मुलांनो, रविवारी तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तुमच्या घरामागे रस्त्यासाठी डोंगर कापला आहे आणि त्यात मातीचे पट्टे दिसताहेत. तुमच्याकडे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा सगळा कोरडा; आणि शाळेत सध्या माती कशी तयार होते हा धडा चालू आहे. "आजी, आपल्या रानातली माती जुनी की नवी?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही. ती माती उकरून पाहिली तेव्हा तिथं असलेल्यांपैकी आता मीच उरले आहे, म्हणून आज लिहून काढते.

आपलं रान लोहाऱ्याजवळच्या माळावर आहे. आपल्या बौद्ध वस्तीतल्या घरांनी मिळून सहकारी शेती संस्था काढली आणि तिला हा गायरानाचा तुकडा मिळाला. मी विज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच सून म्हणून आले होते आणि लोहाऱ्याच्या शाळेत शिकवत होते. दुष्काळाची वर्षं होती. त्यातच बातमी आली की माळावर माती वीतभर तरी नसेल, तर सरकार तो झाडं लावायला परत घेणार. मातीची पाहणी करणारे साहेब येणार होते. उताराच्या मध्यावर कमरेइतका खड्डा खणून ठेवा, असा त्यांचा निरोप होता.

खड्डा झाला, पण साहेब येईनात. मला एका जागी बसवेना. शाळेतून सुटले की मी थेट माळावर जायची. मुरमावर वारा नुसता धूळ ढकलत असायचा. ती धूळ आपलीच माती आहे आणि डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या रानात चालली आहे, असं वाटून मी पदर झाडत उभी राहायची. घरी आले की पुन्हा जावंसं वाटायचं.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या चिडायच्या. "आगं, सारखं जाऊन बघितल्यानं माती वाढती व्हय? बस की जरा खाली!"

शेवटी एका सकाळी जीप आली. साहेब खड्ड्याशी गेले, वाकले आणि तसेच थांबले. खड्ड्याच्या चारी भिंती शेणामातीनं सारवलेल्या होत्या. कोपरेसुद्धा बोटांनी गोल केले होते. वस्तीला पिण्याचं पाणी डोक्यावरून आणावं लागत असताना आत्यांनी त्यातला अर्धा हंडा इथं ओतला होता.

"हे कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

"म्या केलं," आत्या म्हणाल्या. "तुमी मोठी माणसं, आत उतरणार. वंगाळ खड्ड्यात कसं उतरवायचं?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांना मातीचे थर पाहायचे होते, आणि ते झाकले गेले होते. दुसरा खड्डा खणायला वेळ नव्हता. दुपारी परंड्याला पोचायचं होतं. "वरून तर नुसता मुरूमच दिसतोय. तसंच लिहावं लागेल," ते म्हणाले.

आत्या मात्र विळा घेऊन आत उतरल्या. "सारवलं म्हून भित कुठं गेली न्हाय, साहेब. आत्ता काढते," म्हणत त्यांनी स्वतःचंच सारवण खरवडायला घेतलं. साहेबही मग सुरी घेऊन उतरले. सारवणाच्या पाण्यानं भिंत किंचित ओलसर झाली होती आणि रंग उठून दिसत होते. "पाणी मारायचंच होतं मला," साहेब पुटपुटले.

त्यांनी मला बोट लावून दाखवलं. वर चार बोटं मुरमाड भुरी माती, खाली मुरूम, म्हणजे कुजत चाललेला काळा दगड. पण दोहोंच्या मध्ये एक तपकिरी पट्टा होता. त्याची ढेकळं हातात धरली तरी फुटत नव्हती आणि त्यात चुन्याचे पांढरे ठिपके होते. साहेबांनी त्यावर आम्लाचे थेंब टाकले, तसे ते फसफसले. पावसाळ्यात पाण्याबरोबर चुना खाली उतरतो, लांबलचक कोरड्या उन्हाळ्यात तिथंच सुकून बसतो. मुरमाची माती होऊ लागल्याची ती खूण. असा पट्टा नसेल तर माती अगदीच कोवळी, असेल तर तिच्या पुढच्या वर्गातली. म्हणून तो पट्टाही मातीच्या मापात धरायचा होता.

साहेबांनी पट्टी लावली. वीत भरली, वर थोडी उरलीसुद्धा.

मी आत्यांना सांगितलं, "माती तरुण आहे म्हणतात."

"तरुण? आन् हिच्यातली दगडं येचून येचून माझी कंबर गेली!"

या वेळी साहेब हसले. जाताना मात्र बजावून गेले: उतारावर माती तयार होते आणि वाहून जाते, म्हणूनच ती म्हातारी होत नाही. दोन दांडगे पाऊस हा पट्टाही नेतील. ऊस लावायचं मनात असेल तर विसरा, आधी बांध घाला.

माळ आमच्याकडेच राहिला, पण जिवाला स्वस्थता नव्हतीच. त्या उन्हाळ्यात पाऊस यावा असंही वाटायचं आणि येऊ नये असंही. वस्तीतल्या सगळ्यांनी दगड रचून उतारावर दोन आडवे बांध घातले. आभाळ भरून आलं की मी ते पाहायला धावायची.

वरचा बांध पुढं फुटला आणि कुणी पुन्हा रचला नाही. खालचा आहे. त्याच्यामागं आज गुडघाभर माती आहे, जमीन अजून संस्थेच्या नावावर आहे आणि यंदा तिथं तूर उभी आहे.